नारिंगी रेघ कुणाची

सर्जापूर रोडवरच्या त्या दर्शिनीत खुर्च्या नव्हत्या. उंच टेबलाशी उभं राहायचं, इडली खायची, कॉफी प्यायची आणि मागच्याला जागा करून द्यायची. कस्तुरीने मात्र अर्ध्या टेबलावर लॅपटॉप पसरला होता. एका हातात वाफाळती कॉफी होती, कानाशी फोन होता, आणि फोनवर नागपूरहून थोरली बहीण देवश्री होती.

"काय करून राहिली?" देवश्रीने विचारलं.

"कॉफी पिऊन राहिली. आणि ऐक ना, शेजारी एक जण उभा आहे. मघापासून माझ्या लॅपटॉपमध्ये मान घालून बघतोय. दिसायला बरा आहे तसा... पण चोर असेच दिसतात."

"हळू बोल की, ऐकेल तो."

"ऐकू दे. बंगळूरमध्ये कुणाला मराठी कळतंय?"

शेजारच्याने इडलीचा तुकडा चटणीत बुडवला, सावकाश खाल्ला, आणि मग म्हणाला, "चोर नव्हे. तुमच्या आलेखात ती निळी रेघ कशाची ते लिहिलेलंच नाही. कळेना, म्हणून बघत राहिलो. स्वल्प चुकलंच माझं, अक्का."

दुसरी कोणी असती तर लाजली असती, हसली असती, सॉरी म्हणाली असती. कस्तुरीने लॅपटॉप मिटला आणि त्याच्याकडे रोखून पाहिलं. सावळा, उंच, पावसाच्या बारीक थेंबांनी केस ओले झालेले, आणि डोळ्यांत हसू अगदी काठोकाठ. ते हसू तिला मुळीच आवडलं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. आणि अक्का कोण? तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठाच असेल हा.

पुढच्या सोमवारी सुचेता मॅडमनी ऑफिसात नव्या सहकाऱ्याची ओळख करून दिली. "हा रणजीत. इथलाच आहे, घर आनेकलला. पाण्याच्या कामात कस्तुरीबरोबर असेल." कस्तुरीने मान वर केली तर समोर तोच, इडलीवाला.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, ती तेव्हाच. नोकरीवर रुजू व्हायच्या आधीच ह्याने माझं काम बघून ठेवलं होतं. योगायोग म्हणे.

आता कस्तुरीचा स्वभावच संशयी होता असं म्हणणं तिच्यावर अन्यायाचं होईल. पुण्याच्या आधीच्या नोकरीत तनय नावाचा एक गोडबोल्या तिला रोज चहा पाजायचा, तिच्या कामाचं तोंडभरून कौतुक करायचा, आणि एके दिवशी तेच काम साहेबांसमोर स्वतःचं म्हणून मांडून बढती घेऊन गेला. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. कस्तुरी तर पाणीही फुंकून प्यायला लागली होती.

आणि काम पाण्याचंच होतं. जवळच्या एका मोठ्या गृहसंकुलाने त्यांच्या कंपनीला विचारलं होतं की आमच्या बोअरवेलचं पाणी खरंच आटत चाललंय का? आटत असेल तर ते वर्षभरासाठी टँकरवाल्याशी करार करणार होते. बोअरवेलमधलं पाणी जमिनीखाली किती मीटरवर आहे, ते आलेखात दाखवायचं काम कस्तुरीचं. रोज किती टँकर आले, ते दाखवायचं काम रणजीतचं. दोन आलेख, दोन माणसं, पण प्रोग्रॅम एकच. रोज सकाळी तो ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आपोआप चालायचा आणि दोन्ही चित्रं तयार करून ठेवायचा.

दोघांच्या लिहिण्याच्या पद्धती मात्र दोन टोकांच्या. कस्तुरी हुकूम सोडायची. रेघ काढ, नाव दे, रंग भर. कुणी काढायची, कशावर काढायची, ते सांगायची तिला सवय नव्हती, कारण समोर आलेख एकच असायचा. रणजीत ऑब्जेक्ट-ओरिएंटेड पद्धतीने लिहायचा. आधी प्रत्येक आलेख एक स्वतंत्र वस्तू म्हणून तयार करायचा, तिला नाव द्यायचं, आणि मग जे काय करायचं ते तिला हाक मारून सांगायचं. टँकर, तू रेघ काढ. टँकर, तू हे शीर्षक घे.

"एवढ्याशा चित्राला एवढं लिहायचं?" ती एकदा म्हणाली.

"हाक मारलेली बरी असते," तो म्हणाला. "नाहीतर भलताच कोणीतरी ओ देतो."

"मला तर कधी गरज पडली नाही."

"सरी, बरं... पडू नये." आणि तो हसला. तेच ते काठोकाठ हसू. कस्तुरीने मान फिरवली, पण कान गरम झाले ते झालेच.

आणखी एक गोष्ट तिने टिपून ठेवली होती. रणजीतचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून इकडचं. त्याच्या मराठीत कानडी शब्द भाजीतल्या कढीपत्त्यासारखे यायचे. ऑफिसातल्या झाडून सगळ्या बायकांना तो 'अक्का' म्हणायचा, पुरुषांना 'अण्णा'. सुचेता मॅडमसुद्धा सुचेताअक्का झाल्या होत्या. फक्त कस्तुरीला तो काहीच म्हणायचा नाही. त्या दर्शिनीनंतर अक्का नाही, नावही नाही. "कॉफी आणू का?" हे तो खिडकीकडे बघून विचारायचा. "जेवण झालं का?" हे टेबलाला. ह्याच्या मनात काहीतरी आहे, कस्तुरीने ठरवलं. सरळ माणूस असा हवेत बोलत नाही.

मग एका बुधवारी सकाळी तिने तयार झालेलं चित्र उघडलं आणि ती ताठ बसली.

वर शीर्षक तिचंच होतं: 'पाणी जमिनीखाली किती मीटर'. तिची निळी रेघ होती, शांत, जवळजवळ आडवी. पण तिच्या शेजारून एक नारिंगी रेघ सरसर वर चढत गेली होती. ती रेघ तिने काढलेली नव्हती. शिवाय पावसाचे फिकट खांब तिने काढले होते, ते गायब होते. नारिंगी रंग ऑफिसात एकच माणूस वापरायचा.

तिने आपल्या लॅपटॉपवर आपल्यापुरता भाग चालवून पाहिला. चित्र स्वच्छ, एकच निळी रेघ, पाऊसही जागच्या जागी. गुरुवारी सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुन्हा नारिंगी. आणि त्याचं स्वतःचं टँकरचं चित्र पाहावं, तर ते धुतल्या तांदळासारखं.

"माझ्या चित्रात कोणी काही बदललंय का?" तिने दुपारी सहज विचारल्यासारखं विचारलं.

रणजीत क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता... मग नजर वळवली. "नाही. का?"

"काही नाही."

"पण ते चित्र... तसंच ठेवायचं ठरलंय का?"

"का? काही अडचण आहे?"

"छे. परवागिल्ला," म्हणजे असू दे, असं म्हणून तो उठून गेला. चोराच्या मनात चांदणं, कस्तुरी मनाशी म्हणाली. आणि असं म्हणताना तिला वाईट वाटलं, याचं तिला अधिकच वाईट वाटलं. कारण त्या दोन-तीन आठवड्यांत तिला त्याच्या पावलांचा आवाज ओळखू यायला लागला होता. तो आला नाही की सकाळची कॉफी पांचट लागायची. आवडायला लागलेल्या माणसावर संशय घेणं फार त्रासाचं काम. धड रागावता येत नाही, धड हसता येत नाही.

शुक्रवारी मीटरच्या नोंदी ताडून पाहायला दोघं त्या गृहसंकुलात गेले. फाटकाशी उभे असताना एक पिवळा टँकर डुलत डुलत आत आला. ड्रायव्हरने रणजीतला पाहिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून ओरडला, "नमस्कार, सण्णण्णा!"

सण्ण म्हणजे धाकटा, एवढं कानडी कस्तुरीला आता येत होतं. मालकाच्या मुलाला म्हणतात. टँकरच्या पाठीवर रंगवलेलं होतं: हणमंतराव वॉटर सप्लाय, आनेकल.

"कोण होता?" तिने विचारलं.

"ओळखीचा आहे," रणजीत म्हणाला, आणि मीटरवर वाकला.

हणमंतराव. रणजीतच्या ओळखपत्रावर वडिलांचं नाव तेच होतं. कस्तुरीच्या डोक्यात सगळं झरझर जुळलं. नारिंगी रेघ वर चढते, म्हणजे मीटर वाढतात, लोकांना वाटतं पाणी खोल चाललंय, घाबरून ते वर्षाचा करार करतात... आणि पाणी पुरवणार कोण? परतीच्या बसमध्ये तो तिला खिडकीची जागा देऊ लागला, तेव्हा ती मुद्दाम दांड्याला धरून उभी राहिली. डोळे भरून आले होते, आणि ते त्याला दाखवायचे नव्हते.

शनिवारी सकाळी गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये रहिवाशांची बैठक होती. कस्तुरी लवकर पोचली. सुचेता मॅडम प्रोजेक्टर लावत होत्या, रणजीत वायर धरून उभा होता. रहिवासी अजून यायचे होते. कस्तुरीने आत शिरता शिरताच बोलून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता.

"मॅडम, हे चित्र दाखवायचं नाही. ह्यात रणजीतनी त्यांची रेघ घुसवली आहे. आणि इथे येणारे टँकर त्यांच्या वडिलांचे आहेत."

रणजीतच्या हातातली वायर खाली आली. सुचेता मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "टँकर वडिलांचे आहेत ते मला माहीत आहे. नोकरी धरायच्या आधीच त्याने सांगितलं होतं. टँकरचे आकडे म्हणूनच तर गृहसंकुलाच्या फाटकावरून घेतले, त्याच्या घरून नाही."

"मग मला का नाही सांगितलं?" हे कस्तुरीने मॅडमना नाही, त्याला विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोलला नसता," रणजीत वायरकडे बघत म्हणाला. "तसंही कमीच बोलता."

"आणि रेघ?"

"रेघ मी घातलेली नाही."

"मग माझ्यासमोर चालवून दाखवा. नाही, तुम्ही हात लावायचा नाही. मी चालवते."

"होय की," तो म्हणाला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकून उभा राहिला.

कस्तुरीने ऑफिसच्या कॉम्प्युटरला इंटरनेटवरून लॅपटॉप जोडला आणि पूर्ण प्रोग्रॅम चालवला, तिचा भाग आणि त्याचाही. पडद्यावर चित्र उमटलं. वर तिचं शीर्षक. निळी रेघ. आणि तिच्या बाजूने चढत गेलेली नारिंगी.

हात तर त्याचे पाठीमागेच होते.

कस्तुरीने प्रोग्रॅम वरून खाली वाचायला घेतला, ओळ न ओळ, ओठ हलवत. आधी तिने आलेख उघडला होता. पावसाचे खांब काढले होते. मग, एरवी तिचा भाग संपल्यावर चालणारं त्याचं चित्रही बरोबरच तयार व्हावं म्हणून, मंगळवारी तिने स्वतःच मधोमध एक ओळ टाकली होती, रणजीतचा टँकरचा आलेख बोलावणारी. तो आला, त्याने आपली रेघ काढली, आपलं चित्र साठवलं, आणि तिथेच थांबला. त्याच्याखाली पुन्हा तिचे हुकूम. निळी रेघ काढ. शीर्षक दे. साठव.

कुणी काढायची? ते तिने सांगितलंच नव्हतं. जो शेवटी उघडला होता त्यानेच ओ दिली.

"म्हणजे..." ती हळू म्हणाली, "तुमची रेघ माझ्या आलेखात आलीच नाही."

"नाही."

"माझीच रेघ तुमच्या आलेखात गेली."

"पाटी तुमची, घर माझं," रणजीत म्हणाला. "बिचारा तुमचा आलेख पावसाचे खांब घेऊन तसाच मागं राहिला. कोणी साठवलंच नाही त्याला."

सुचेता मॅडमना अचानक बाहेर चहाचं काय झालं ते बघायचं आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. फरक इतकाच की वळसा घालताना कस्तुरीने एका माणसाला चोर ठरवून टाकलं होतं, तेही दुसऱ्यांदा.

"तुम्हाला हे माहीत होतं?" तिने विचारलं.

"रेघ दिसली होती. कारण आत्ता कळलं."

"मग गुरुवारी विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

रणजीतचे कान लाल झाले. "मला वाटलं... तुम्ही मुद्दामच ठेवलीय. टँकरचं तुम्हाला कुठून तरी कळलंय, आणि आता मी काय करतो ते बघताय. मी गुपचूप काढली असती तर तुम्ही म्हणाला असता, पुरावा पुसला. ठेवली तर म्हणणार, बापाचा धंदा वाढवतो. काय करावं कळेना. आज बैठकीच्या आधी सगळं मॅडमना सांगणारच होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

कस्तुरीला हसू आलं आणि रडूही. दोन शहाणी माणसं एकाच रेघेकडे बघून एकमेकांवर पाळत ठेवून बसली होती.

वेळ थोडा होता. तिने हुकमांच्या ओळी खोडल्या आणि नव्याने लिहायला लागली. प्रत्येक आलेखाला नाव दिलं. रेघ कुणाची, शीर्षक कुणाचं, साठवायचं कुणाला, सगळं हाक मारून. तो शेजारी उभा राहून बघत होता, आणि ह्या वेळी तिने लॅपटॉप मिटला नाही.

बैठकीत दोन आलेख शेजारी शेजारी दाखवले गेले. बोअरवेलचं पाणी वर्षभर जिथल्या तिथे होतं. टँकर मात्र वाढत गेले होते, आणि ते वाढायला सुरुवात झाली ती पंप बिघडायला लागल्यापासून. "पाणी आहे," कस्तुरी म्हणाली. "तुमचा पंप म्हातारा झालाय." लोक आधी पुटपुटले, मग वाद घातला, मग नवा पंप घ्यायचं ठरलं. वर्षाचा करार रद्द. हात वर करून सगळ्यांनी मान्यता दिली तेव्हा कस्तुरीने रणजीतकडे पाहिलं. तो शेवटच्या रांगेत बसला होता आणि त्याचा चेहरा निवांत होता. आत्ताच त्याच्या घरचं मोठं गिऱ्हाईक गेलं होतं, आणि ज्या चित्राने गेलं ते दुरुस्त करताना तो तिच्या खांद्याशी उभा होता. इतका चांगला माणूस, आणि आपण त्याला बसमध्ये शेजारी बसू दिलं नाही.

बाहेर भुरभुर पडत होती. जिन्याखाली ती त्याला गाठून म्हणाली, "मी चुकले. मॅडमसमोर बोलले, म्हणून सोमवारी मॅडमसमोरच माफी मागेन."

"त्याची गरज नाही."

"आहे. पण तुम्हालाही एक विचारायचंय. आलेखाला हाक मारून बोलावं म्हणता, आणि माझ्याशी मात्र खिडकीकडे बघून बोलता. असं का?"

तो बुटाच्या टोकाने ओल्या फरशीवर रेघा काढायला लागला.

"आमच्यात बायकांना अक्का म्हणायची रीत आहे," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी दर्शिनीत तोंडातून गेलं. घरी जाऊन... फार पस्तावलो. अक्का म्हणजे थोरली बहीण. परत म्हणवेना. आणि नुसतं नाव घ्यायला धीर होईना. म्हणून मग खिडकी."

इतके दिवस कस्तुरी ज्याला लबाडी समजत होती, ते हे होतं.

दोघं फाटकाशी आले, तर तिथे पिवळा टँकर थांबलेला होता. आज स्टिअरिंगवर पांढऱ्या मिशांचे, डोक्याला टॉवेल बांधलेले हणमंतराव स्वतः होते. करार गेल्याची बातमी रखवालदाराने त्यांना आधीच देऊन टाकली असावी. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग कस्तुरीला खालून वरपर्यंत न्याहाळलं. त्या नजरेत जो संशय होता, तसा तर कस्तुरीलाही कधी जमला नसता.

"हीच का ती, पाणी मोजणारी?" त्यांनी मुलाला विचारलं.

"होय, अप्पा."

"बरोबर मोजलंस ना, बाई?"

"बरोबर मोजलंय, काका," कस्तुरी म्हणाली. "तुमचं नुकसान झालं, त्याचं मात्र वाईट वाटतं."

"पाणी असताना पाणी विकलं तर ते पचत नाही," हणमंतराव म्हणाले आणि हॉर्न वाजवला. "चल रे रणजीत. जेवणाला उशीर होतोय."

रणजीतने पायरीवर एक पाय ठेवला. आता हा जाईल, सोमवारी पुन्हा खिडकीशी बोलेल, आणि आपण पुन्हा पुरावे गोळा करत बसू... कस्तुरीला ते सहन होईना.

"थांबा," ती म्हणाली. "माझा तुमच्यावर अजून एक संशय आहे."

त्याने पाय खाली घेतला. "आता कसला?"

"मी तुम्हाला आवडते, असा."

पाऊस त्याच्या पापण्यांवर बसत होता, पण तो पुसेना. "पुरावा?" त्याने अगदी हळू विचारलं.

"काहीच नाही." तिची नजर हलली नाही. "आयुष्यात पहिल्यांदा पुराव्याशिवाय बोलतेय. आणि तसंच सांगते, मला तुम्ही आवडता. फार. आता हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण माझ्याकडे बघून म्हणा."

तो बघत राहिला. मग ते डोळ्यांतलं हसू एकदाचं काठावरून सांडलं.

"संशय खरा आहे, कस्तुरी," तो म्हणाला. आणि वळून टँकरच्या दारावर थाप मारली. "अप्पा, तुम्ही व्हा पुढं. मी बसनं येतो."

"का? इथं जागा आहे की."

"दोघांपुरती नाही."

हणमंतराव खिडकीतून वाकले. ओल्यात उभ्या असलेल्या त्या दोघांकडे त्यांनी पुन्हा एकदा नीट पाहिलं, मुलाच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ. मग त्यांनी गाडी सुरू केली.

"मग बस लवकर पकडा," ते म्हणाले. "तुझी आई तुम्हा दोघांची पानं मांडते का बघतो. एकच मांडलं तर मी जेवत नाही."